लेक मिशिगनवरील ट्राउट सहलीचे पैसे परत मिळण्याबाबत

पुणे, दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
पुणे कार्यालय

संदर्भ : आपला दि. २८ जुलैचा ईमेल

महोदय,

आपल्या जुलैच्या अमेरिका सहलीत मी व माझी पत्नी होतो. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा याबद्दल काही म्हणणे नाही. जेवण वेळेवर मिळाले, बस चांगली होती. तक्रार आहे ती १७ जुलै या एका दिवसाची. या दिवसाचे आपण माणशी २४,५०० रुपये वेगळे घेतले होते. माहितीपत्रकातला मजकूर असा : ‘लेक मिशिगनवर सहा तास, डाउनरिगर लावून खोल पाण्यातली ट्राउट मासेमारी, परवाना व साहित्यासह.’

माझ्या पहिल्या पत्राला आपण उत्तर दिलेत की, ‘मासे मिळणे निसर्गावर अवलंबून असते, त्यामुळे परतावा देता येत नाही.’ मी माझे पत्र पुन्हा काढून वाचले. मासे मिळाले नाहीत असे त्यात एकदाही लिहिलेले नाही. मी देवगडचा. वडील गरवायला जात आणि कित्येकदा रिकामी टोपली घेऊन परत येत. त्याबद्दल आमच्या घरात कोणी समुद्राकडे परतावा मागितला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मासा जिथे असतो तिथपर्यंत आपण गळ पोचवलाच नाही. त्यासाठी लागणारे यंत्र, म्हणजे डाउनरिगर, बोटीवर नव्हतेच.

उत्तर लिहिणाऱ्यांनी डाउनरिगर पाहिला नसावा असे वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लेक मिशिगन नावाला तलाव. लांबी सुमारे ४९० किलोमीटर, सर्वांत खोल जागी २८१ मीटर. उन्हाळ्यात त्याच्या पाण्याचे थर पडतात : वर कोमट, खाली गार, आणि दोहोंच्या मधे एक पातळ सीमा. लेक ट्राउटला दहा अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. त्यामुळे जुलैत तो खाली उतरतो, पुष्कळदा अगदी तळाशी. म्हणजे आमिष शंभर-सव्वाशे फूट खाली न्यायचे आणि तेही चालत्या बोटीमागे ओढत. साधे शिसे लावले तर बोट पुढे जाताच दोरी मागे वर उचलली जाते. दोरीलाच जड शिसे बांधले, तर लागलेला मासा आणि ते लोढणे दोन्ही ओढत बसायचे.

यावर उपाय म्हणून बोटीच्या मागच्या कडेला एक छोटा रहाट बसवतात, तोच डाउनरिगर. त्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची, आमिष त्याच्या मागे काही अंतरावर चमकत राहते. तार किती सोडली हे आकडा दाखवतो. काठी वर कमानीसारखी वाकवून ठेवलेली असते. माशाने झडप घातली की दोरी चिमट्यातून सुटते, काठी ताडकन सरळ होते. तिथून पुढे एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला माणूस. शिशाचा संबंध संपला. बोट तासाला तीनेक किलोमीटरने जाते, सकाळी फिरायला निघालेली माणसेसुद्धा तिला मागे टाकतील. एवढ्या वेगातही तार तिरपी होते, त्यामुळे आकडा १२० फूट म्हणाला तरी गोळा त्याहून वरच असतो. हा फरक धरून गोळा नेमका माशाच्या पुढ्यात ठेवायचा, यातच तांडेलाचे कसब. हे पाहण्यासाठी मी पैसे भरले होते.

आता प्रत्यक्ष काय झाले ते. शिकागोहून बसने मिलवॉकीच्या धक्क्यावर पोचलो. आम्ही नऊजण, बोट एक. कॅप्टनने सांगितले की त्याच्याकडच्या कोस्ट गार्डच्या परवान्यावर सहाच प्रवासी नेता येतात. आपले टूर मॅनेजर त्याला ‘ॲडजस्ट’ करायला सांगत राहिले, सगळे म्हातारे आहेत, वजन फार नाही, असेही म्हणाले. कॅप्टन हलला नाही, आणि ते बरोबरच होते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. तिघांना बाकावर बसून राहावे लागले, त्यात माझी पत्नी होती. “तुम्ही जा, वेड तुमचंच आहे,” असे ती म्हणाली खरी, पण साडेचोवीस हजारांचे बाक आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

परवाना कुणाचाच काढलेला नव्हता. मिलवॉकी ज्या विस्कॉन्सिन राज्यात आहे, तिथे सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. मी आणि आणखी एकाने तिथेच मोबाइलवरून पदरच्या पैशाने काढला, बाकीचे नुसते प्रेक्षक.

बोटीच्या मागच्या कडेला डाउनरिगर बसवायच्या दोन बैठका होत्या. दोन्ही रिकाम्या. मी विचारले तेव्हा कॅप्टनने शांतपणे आपल्याकडून आलेले बुकिंग दाखवले : चार तास, बंदर व किनाऱ्याची सैर. मासेमारीचा उल्लेख नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही. उलट आमचे चेहरे पाहून त्याने स्वतःच्या दोन काठ्या काढून दिल्या. त्यांची आमिषे पाण्याखाली चार-सहा फुटांवरून चालली होती. बोटीवरच्या मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर वरच्या पाण्याचे तापमान २१ अंश, खोली ११० फूट, आणि तळालगत भुवयांसारख्या कमानी. त्या कमानी म्हणजे मासे. खाली मासे, वर आम्ही, मधे अठरा वाव पाणी. खडकवासल्याच्या भिंतीवर उभे राहून हवेत गरी हलवावी, तसला प्रकार.

आपण कदाचित म्हणाल की वरच्या पाण्यातही ट्राउट मिळतो. मिळतो. दोन-तीन दिवस जमिनीकडून वारा वाहिला की कोमट थर पलीकडच्या किनाऱ्याकडे ढकलला जातो आणि इकडे गार पाणी वर येते. हेही मला कॅप्टननेच सांगितले. पण त्या आठवड्यात वारा तलावावरून येत होता, म्हणजे सगळे कोमट पाणी आमच्याच बाजूला साचलेले.

धक्क्यावर परतलो तेव्हा शेजारी दुसरी बोट लागली होती. तिच्यावर चार डाउनरिगर आणि पेटीत पाच लेक ट्राउट : करड्या-हिरव्या अंगावर फिकट ठिपके, शेपूट खोल दुभंगलेली. एकाच्या शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला होता, म्हणजे तो मासा उबवणी केंद्रात वाढवून सोडलेला. मी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागात एकतीस वर्षे काढली आहेत. लॅम्प्रे हा रक्त शोषणारा परका जीव १९३६ मध्ये या तलावात आढळला आणि १९५० च्या दशकात इथला लेक ट्राउट संपला, हे नोकरीत असताना वाचले होते. १९६५ पासून पिल्ले सोडून तो परत आणला जातो आहे. तो मासा पाण्यातून वर येताना पाहायचा म्हणूनच या जादा दिवसाचे पैसे भरले. अखेर पाहिला तो दुसऱ्याच्या पेटीतल्या बर्फावर. त्या बोटीवरच्या पोऱ्याने शिशाचा गोळा माझ्या हातात दिला. आमच्या दोघांच्या ४९,००० रुपयांत डाउनरिगरचा मला झालेला स्पर्श तेवढाच, आणि तोही आपल्या खर्चाने नव्हे.

यावर कडी म्हणजे, टूर मॅनेजरनी मला काठी हातात धरायला लावून काढलेला फोटो आपल्या पानावर ‘खोल पाण्यातला ट्राउट थरार’ अशा ओळीखाली झळकतो आहे. नात मला विचारते, “आजोबा, मासा कुठाय?”

आम्हा दोघांचे ४९,००० रुपये व परवान्याची रक्कम हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करावी, आणि तो फोटो आजच्या आज काढावा. धक्क्यावर राहिलेले इतर दोघे स्वतंत्रपणे लिहीत आहेत. त्यांना ‘निसर्गा’चे उत्तर पाठवू नये, ते पाण्यात उतरलेलेच नाहीत. मुदतीत पैसे न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रार राहत्या ठिकाणी दाखल करता येते आणि आयोगाचे कार्यालय मला बसने सोयीचे आहे. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत : माहितीपत्रकाचे पान, पैसे भरल्याची पावती, दोन परवान्यांच्या पावत्या, कॅप्टनच्या परवानगीने काढलेला बुकिंगचा फोटो, रिकाम्या बैठकांचा फोटो.