माझ्या भावाच्या शिक्षेचे कारण शोधून देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला अमेरिकेत स्टेट प्रिझनमध्ये, म्हणजे राज्याच्या तुरुंगात, पाठवल्याचे कळले, तेव्हा त्याच्या हातून नेमके काय घडले हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. तो फोनवर त्रोटक बोले, नातेवाईक तर्क लढवत आणि आई रोज तोच प्रश्न विचारी. अशा वेळी वकिलाच्या कचेरीतला आपला दीर्घ अनुभव आपण निरपेक्षपणे आमच्यासाठी वापरलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) तुरुंगात बहुतेक करून खटला चालू असलेले आणि वर्षभराच्या आतली शिक्षा झालेले लोक असतात. स्टेट प्रिझनमध्ये नेले आहे, त्याअर्थी गंभीर गुन्ह्यातल्या शिक्षेची नोंद कुठल्या तरी काउंटीच्या न्यायालयात असणारच, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत. मग राज्याच्या कारागृह विभागाच्या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधून शिक्षा देणारी काउंटी काढलीत, तेथून केस नंबर मिळवलात आणि त्या नंबरावर न्यायालयाच्या क्लार्ककडे आरोपपत्र, गुन्हाकबुलीचा करार, निकालपत्र आणि त्यानंतरचे सर्व आदेश मागायला लावलेत. ‘त्यानंतरचे सर्व आदेश’ हे शब्द आपण आग्रहाने अर्जात घातले नसते, तर खरे कारण आमच्या हाती लागलेच नसते.

कारण त्या शेवटच्या आदेशात होते. जुन्या प्रकरणात त्याने गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षा स्थगित ठेवून त्याला प्रोबेशन, म्हणजे अटी पाळून देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा, मिळाले होते. पुढे त्याने प्रोबेशन अधिकाऱ्यासमोरची हजेरी चुकवली, न कळवता पत्ता बदलला, म्हणून न्यायाधीशांनी प्रोबेशन रद्द केले आणि स्थगित शिक्षा लागू झाली. नवा गुन्हा घडलाच नव्हता! अशा सुनावणीला ज्यूरी (निवाडा देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) नसते आणि आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागत नाही, हे ऐकून मी हादरले. तरीही प्रोबेशन रद्द करण्यापूर्वी सुनावणी द्यावीच लागते, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली या खटल्यात ठरवले आहे, हेही आपणच दाखवून दिलेत.

जुना गुन्हा त्याने केला होता, हे आपण मला स्पष्टपणे सांगितलेत. माझे रडणे थांबेपर्यंत आपण थांबलात, पण ते वाक्य मागे घेतले नाहीत, आणि त्याचे मोल मला फार वाटते.

आईला मी सर्व कागद मराठीत वाचून दाखवले आहेत. सुनावणीचा लेखी वृत्तांत कोर्ट रिपोर्टरकडून (न्यायालयातले बोलणे शब्दशः नोंदवणाऱ्याकडून) मागवला असून, अपिलाची मुदत थोडी असते हे आपण बजावल्यामुळे आदेशाची प्रत त्याच दिवशी वकिलांकडे दिली.

आपली ऋणी,
एका कैद्याची बहीण