घर रिकामे करण्यासाठीही मुदत हवी

प्रति,
मा. संपादक,

विषय : पुनर्विकासापूर्वी घरातील सामानाची निरवानिरव

महोदय,

ठाण्याच्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी, विष्णूनगर या जुन्या वस्त्यांमध्ये पत्र्याच्या कुंपणाआड गेलेली एकही इमारत नाही, अशी गल्ली आता विरळाच. तळमजला आणि वर तीन-चार मजले, लिफ्ट नाही, स्वयंपाकघरावर माळा आणि न्हाणीघरावर पोटमाळा, अशा या इमारतींमध्ये ज्या कुटुंबांनी चाळीस-पन्नास वर्षे संसार केला ती आता नवे घर तयार होईपर्यंत भाड्याच्या जागेत राहायला जात आहेत. पुनर्विकासाबद्दल आपल्या दैनिकात बरेच छापून येते आणि त्याचा उपयोगही होतो. वाढीव क्षेत्रफळ, दरमहा भाडे, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम), बँक हमी या बाबतीत सभासद पूर्वीसारखे गाफील राहिलेले नाहीत. शासनाने ४ जुलै २०१९ च्या निर्णयात विकासकाच्या निवडीसाठी दोन-तृतीयांश गणसंख्या आणि किमान ५१ टक्के सभासदांची संमती अशा पायऱ्या आखून दिल्या आहेत. मात्र ज्या पायरीवर प्रत्येक घराची खरी दमछाक होते, ती घर रिकामे करण्याची पायरी कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही. तिच्याविषयी लिहिण्यासाठी हे पत्र.

माझ्या पाहण्यात आलेल्या करारांमध्ये जागा खाली करण्याची मुदत महिना-दोन महिन्यांची असते. विकासकाशी बोलणी वर्षानुवर्षे चालतात, नकाशे मंजूर व्हायला काही महिने जातात, पण एकदा नोटीस आली की तीच मुदत सर्वांना पुरवून घ्यावी लागते. तिच्यातला निम्मा काळ जवळपास भाड्याचे घर शोधण्यात जातो, कारण एकाच इमारतीतली सगळी कुटुंबे एकाच वेळी, त्याच शाळेच्या आणि त्याच डॉक्टरांच्या आसपास जागा धुंडाळत असतात. उरलेल्या दिवसांत माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण न पाहता टाकतात, तर काही न पाहता बांधतात. न पाहता टाकले की आजोबांच्या ट्रंकेतली कागदपत्रे किलोच्या भावाने रद्दीत जातात. न पाहता बांधले की खोकी भाड्याच्या घराची एक खोली अडवून बसतात, ठाण्याच्या पावसाळ्यांत त्यांना ओल आणि कसर लागते आणि शेवटी तीच खोकी माळा नसलेल्या नव्या घरात येऊन पडतात. आमच्या गल्लीतील एका इमारतीला तर भर पावसात घरे सोडावी लागली. तिथल्या जिन्यात आणि फाटकाशी गाद्या, पुस्तके, देवांच्या तसबिरी भिजत पडलेल्या आम्ही सर्वांनी पाहिल्या. त्या कुटुंबांना वस्तूंची कदर नव्हती असे मुळीच नाही. त्यांना वेळ मिळाला नाही आणि हाताशी माणसेही नव्हती.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की आवराआवर नोटीस आल्यावर नव्हे, तर विकासक निवडीचा ठराव झाला त्याच आठवड्यात सुरू व्हावी. त्या वेळी घाई नसते, मन शांत असते आणि एका रविवारी एक फडताळ एवढे जरी हातावेगळे झाले तरी नोटीस येईपर्यंत घर बरेच हलके होते. सुरुवात आठवणींच्या वस्तूंपासून मात्र करू नये. फोटोंचा अल्बम पहिल्याच दिवशी हाती आला की सारा दिवस त्यातच जातो आणि संध्याकाळी घर होते तसेच असते. त्या वस्तू शेवटी घ्याव्यात. आरंभ कागदपत्रांपासून करावा, कारण ती हरवली तर पुनर्विकासातला आपला हक्क शाबीत करताना नाकी नऊ येतात.

मूळ खरेदी करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, नामनिर्देशनाची प्रत, मूळ सभासद हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे, हे सगळे एका वेगळ्या बॅगेत ठेवावे आणि ती बॅग टेम्पोत न चढवता घरातल्या माणसाने स्वतःबरोबर न्यावी. त्यानंतर जुन्या फायली चाळाव्यात, आणि त्या पान-पान चाळाव्यात. कंपन्यांची जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रे रद्दी समजून टाकलेली मी पाहिली आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतरण बंद झाले आहे हे खरे, पण त्यामुळे मालकी संपत नाही, ते डीमॅट म्हणजे संगणकीय नोंदीच्या रूपात करून घेता येतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात, परंतु मूळ मालकाला किंवा वारसाला तेथूनही ते परत मागता येतात. बँकेत दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवींचेही असेच आहे. त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसाचा दावा कायम राहतो आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. हा शोध सुरू करायला फायलीतली एक पिवळी पडलेली ठेवपावतीही पुरते. उलट, साडीच्या घडीत जपलेल्या पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा सापडल्या तर त्या मोजाव्यात. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा अधिक नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यासक आणि संग्राहकांसाठी ही मर्यादा पंचवीस आहे.

कोकणातून किंवा घाटावरून ठाण्यात आलेल्या घरांमध्ये आणखी एक गाठोडे हमखास असते. लाल कापडात बांधलेले, घरात कोणालाच वाचता न येणारे मोडी लिपीतले कागद. ते कृपा करून रद्दीत घालू नयेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांतली दप्तरे मिळवली, त्यांतून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आपल्या इतिहासाचा मोठा भाग असा माळ्यांवरूनच खाली आलेला आहे. इतिहासाचे राहू द्या, निव्वळ व्यवहार पाहिला तरी २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या मोडी कागदांचे मोल साऱ्या महाराष्ट्राला कळले. त्या गाठोड्यात जमिनीचे खरेदीखत असेल, वाटणीपत्र असेल किंवा नुसता किराणाचा हिशेब असेल, पण ते काय आहे हे मोडी जाणणाऱ्याला दाखवून मगच ठरवावे.

फोटोंबाबत थोडक्यात सांगते. ज्यांना चेहरे ओळखता येतात अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर नावे विचारून घ्यावीत आणि ती फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनाने नाही, कारण त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बमातून फोटो ओढून काढू नयेत. आधी आहेत तसे मोबाइलवर टिपून घ्यावेत.

भांडी, लाकूड आणि पुस्तके यांनी सर्वाधिक जागा व्यापलेली असते. पितळेची घंगाळे, तांब्याचे बंब, हंडे, पराती मोडीत घालायच्याच असतील तर त्या दिवशीचा भाव विचारून, आपल्यासमोर वजन करून घालाव्यात. पण त्याआधी भावंडांना विचारावे. वडिलोपार्जित वस्तू ज्याच्या घरात राहिली त्याची एकट्याची नसते, आणि पुण्याच्या बहिणीला न विचारता आईचे घंगाळ मोडीत गेले म्हणून तुटलेली नाती मला ठाऊक आहेत. माळ्यावरच्या वस्तूंचे फोटो कुटुंबाच्या गटावर टाकून पंधरा दिवस वाट पाहिली तर हा प्रसंग टळतो. जुने सागवानी कपाट नव्या प्लायच्या कपाटापेक्षा कितीतरी अधिक टिकते, म्हणून ते फुकापासरी देण्यापूर्वी सुताराला दाखवावे. मात्र भाड्याच्या घराचे दार आणि तिथली लिफ्ट आधी मोजावी, नाही तर कपाट खालीच राहते. जरीच्या साड्या वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिल्या तर त्या रेषेवर जर तुटते. त्या उलगडून, घडी बदलून सुती कापडात बांधाव्यात आणि जरीला डांबरगोळ्या लागू देऊ नयेत. पुस्तकांच्या बाबतीत आपल्या शहराचे भाग्य मोठे, कारण मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून इथे आहे. पण म्हणून ग्रंथालयाच्या दारात न विचारता गोण्या नेऊन ठेवणे योग्य नाही. कसर लागलेली पाठ्यपुस्तके आणि दुर्मीळ दिवाळी अंक एकाच गोणीत गेले तर निवडण्याचे काम आपण दुसऱ्यावर लोटतो. यादी करून आधी विचारावे आणि जे त्यांना हवे तेवढेच द्यावे.

आता जे खरोखर टाकायचेच आहे त्याविषयी. मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर, ट्यूबलाइट, रंगांचे डबे हा घातक कचरा आहे आणि २०१६ च्या घनकचरा नियमांपासून तो वेगळा करून देण्याची जबाबदारी आपली आहे. जुना डबा टीव्ही भंगारात दिला की तांब्यासाठी तो फोडला जातो आणि त्याच्या जाड काचेतले शिसे मातीत जाते. असा टीव्ही, संगणक, बॅटऱ्या अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्याव्यात. गच्चीवर किंवा गॅलरीवर टाकलेले जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते हातोड्याने फोडल्यास त्यातले सूक्ष्म तंतू फुफ्फुसात जातात, म्हणून ते पाणी मारून, ओले करून, अखंड उतरवून घ्यावेत. देवांच्या तसबिरींचा प्रश्न नाजूक आहे, हे मी जाणते. पण त्या मासुंदा तलावाच्या काठी किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून आल्याने श्रद्धेचा मान राहत नाही. काच आणि चौकट वेगळी करावी, चित्राला नमस्कार करून त्याचा कागद पाण्यात भिजवावा, लगदा कुंडीतल्या मातीत मिसळावा. चमकीच्या किंवा प्लास्टिकचा थर असलेल्या चित्रांना हा मार्ग चालणार नाही. ती निर्मूल्य समजून न फेकता निर्माल्य संकलनाच्या ठिकाणी विचारून द्यावीत.

घरात सोडून दिलेल्या वस्तू पाडकामाच्या ठेकेदाराबरोबर जातात आणि पुष्कळदा राडारोड्यात मिसळतात. असा राडारोडा रात्रीच्या वेळी खाडीकिनारी, कांदळवनात टाकला जातो, ही तक्रार ठाण्याला नवी नाही. ज्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, तिच्या काठावर आपल्या घरातल्या गाद्या आणि फुटकी काच जावी, हे कोणालाच आवडणार नाही.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती घरातल्या वृद्धांची. सून आणि मुलगा सुट्टी काढून दोन दिवसांत माळा मोकळा करतात आणि आई नुसती दारात बसून राहते. तिने घेतलेली, घासलेली, जपलेली प्रत्येक वस्तू तिच्या डोळ्यांदेखत ‘ठेवायची की नाही’ अशी विचारली जाते, आणि बहुधा तिला विचारलीही जात नाही. ज्याने घर उभे केले त्याला निवड करण्याचा पहिला हक्क असला पाहिजे. रोज तासभर, खुर्चीत बसून, एकेक वस्तू हातात घेऊन ठरवू दिले तर वृद्ध माणसे आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी सहजपणे वस्तू सोडतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. फक्त ती वस्तू कोणाकडे जाणार हे त्यांना कळले पाहिजे. पाटा-वरवंटा भंगारात जाणार म्हटल्यावर हट्ट धरणारी आजी, तो कामाला येणाऱ्या बाईंना हवा आहे असे कळताच स्वतः पुसून देते.

हे सारे एकेका कुटुंबावर सोडून चालणार नाही. सोसायट्यांनी विकास करारातच दोन गोष्टी मागून घ्याव्यात. जागा खाली करण्याची नोटीस आणि प्रत्यक्ष ताबा यांत किमान तीन महिन्यांचे अंतर असावे आणि ही मुदत पावसाळ्यात येऊ नये. सामान हलवण्यासाठी विकासक जी रक्कम देतो तिच्यात केवळ टेम्पोचे भाडे न धरता, जिन्यावरून ओझी उतरवणाऱ्या हमालांची मजुरी आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मदतनीसाचा खर्चही धरावा. इमारतीच्या वाहनतळात महिनाभर एक कोपरा राखून ठेवला, तर एकाला नको असलेली वस्तू दुसऱ्याला लागते आणि निम्मे सामान फाटकाबाहेर जायच्या आतच मार्गी लागते.

ठाणे महानगरपालिकेला माझी विनंती अशी की, पाडकामाच्या परवानगीसाठी अर्ज येतो तेव्हा इमारत कधी रिकामी होणार हे पालिकेला आधीच कळलेले असते. त्याच वेळी संबंधित प्रभाग समितीने त्या सोसायटीला ठराविक दिवस कळवून मोठे सामान, ई-कचरा आणि घातक कचरा यांच्यासाठी स्वतंत्र वाहने पाठवावीत आणि त्याचे शुल्क हवे तर विकासकाकडून घ्यावे. आणि आपल्या दैनिकाने, ठाण्यात कोणत्या संस्था कोणत्या वस्तू प्रत्यक्षात स्वीकारतात याची खातरजमा करून एक यादी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. या वर्षी पावसाळा उघडल्यावर घरे सोडणाऱ्या कुटुंबांच्या हाती ती वेळेत पडेल, अशी व्यवस्था व्हावी.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक
नौपाडा, ठाणे (प.)