डबी लपवा, पण किल्ल्यात नको

महोदय,
दिवाळीच्या सुट्टीत मुलं मोबाइल सोडत नाहीत, मग त्यावरच जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसने शोधण्याचा खेळ, खेळू द्या. २ मे २००० रोजी अमेरिकेने अचूक जीपीएस सर्वांना खुलं केलं आणि लगेच ३ मे रोजी ओरेगनमध्ये पहिली डबी लपवली गेली. अक्षांश-रेखांशांवरून डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं, वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, डबी जागच्या जागी. अनोळखी माणसं एकमेकांसाठी एवढी खटपट करतात, याचंच मला अप्रूप! हिप्परगा तलावाचा परिसर त्यासाठी झकास. परवानगी तेवढी काढावी. भुईकोट किल्ल्याच्या फटींत मात्र कुणी डब्या खुपसू नयेत, ते संरक्षित स्मारक आहे.

– एक आजोबा, सोलापूर