डेलावेअरच्या पाण्यात उभे राहू नका

संपादक महोदय,

न्यूजर्सीतली कितीतरी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात डेलावेअर नदीच्या मधल्या टप्प्यात कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन उतरतात. १९७८ पासून हा टप्पा राष्ट्रीय पातळीवर संरक्षित आहे. पाणी संथ दिसते, फसगत तिथेच होते. नाव उलटली की माणूस आधी उभा राहायला बघतो. पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबतो. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि तिरके सरकत काठ गाठावा. पडलेल्या झाडापासून लांबच राहावे. फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. जीवरक्षक जाकीट उशाला नको, पट्टे आवळून अंगातच हवे. आणि चपला नकोत, जुने बूट बरे.

– एक वाचक, न्यूजर्सी