'सोबत'मधला 'त' फारसीचा आहे

मा. संपादक,
स.न.

शब्दांची मुळं सांगणारी सदरं मी आवडीने वाचते, पण सोबत, मैफल, मुलाखत असे शब्द आले की पुढे 'अरबी-फारसी' एवढं लिहून मोकळे होतात ते फार खटकतं, कारण अरबी आणि फारसीच्या मधे जी आडवी रेघ मारलेली असते ना तिथेच त्या शब्दाचं अर्धं आयुष्य गेलेलं असतं आणि नेमकं तेच वाचकाला कळत नाही.

'सोबत'च घ्या. अरबीत मूळ शब्द सुहबा, अर्थ संगत, सहवास. पैगंबरांच्या सहवासात राहिलेले ते सहाबा, आणि आपला 'साहेब' पण ह्याच घरातला. अरबीत ह्याचा गप्पांशी संबंध नाही, बोलण्यासाठी कलाम, हदीस, मुहादसा असे शब्द वेगळे आहेत. पण आज तेहरानमधे 'सोहबत करणं' म्हणजे सरळ बोलणं, फोनवरसुद्धा सोहबतच करतात, आणि ज्याच्याशी बोलतो तो 'हमसोहबत'. इस्तंबूलमधे 'सोहबेत' म्हणजे निवांत गप्पा, इंटरनेटवरच्या चॅटला पण तोच शब्द, आणि ज्याच्याशी बोलताना वेळ कसा गेला कळत नाही असा माणूस 'होशसोहबेत'. माणसं एकत्र बसली की बोलणारच, त्यामुळे बसण्याचं नाव हळूहळू बोलण्याला लागलं असं मला वाटतं. सूफींमधे तर हे दोन्ही वेगळं काढताच येत नाही, नक्शबंदी पंथात गुरूच्या जवळ बसून ऐकणं हीच सोहबत आणि तीच साधना.

फारसी कवी सादीने 1258 मधे गुलिस्तान हा ग्रंथ लिहिला, त्याच्या आठव्या प्रकरणाचं नाव 'सोहबतीचे आदाब'. तिथे सोहबत म्हणजे लोकांच्या संगतीत कसं वागावं. म्हणजे रात्री सोबतीला कुणी हवं असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा आपली मराठी आजच्या तेहरानपेक्षा सादीच्या जास्त जवळ असते! आणि आपण तर पुढे जाऊन त्याचं शब्दयोगी अव्ययच करून टाकलं, चहासोबत, अर्जासोबत, हे इराणात पण नाही आणि तुर्कस्तानात पण नाही.

आता तो 'त'. अरबीत सुहबा, मसलहा, दौला हे शब्द सुटे उच्चारले की शेवटचा त ऐकूच येत नाही. फारसीने असे कितीतरी शब्द घेताना तो त पक्का केला आणि तसाच पुढे पाठवला, म्हणून आपल्याकडे सोबत, किंमत, मसलत, दौलत आणि तुर्कीत सोहबेत, कियमेत, मासलाहात, देवलेत. (तुर्कीत देवलेत म्हणजे राज्यसंस्था बरं का, पैसाअडका नाही.) कधी कधी फारसीने एकाच अरबी शब्दाची दोन रूपं ठेवली आणि कामं वाटून दिली, मुसाहेबत म्हणजे सहवास आणि मुसाहेबे म्हणजे पेपरात छापून येते ती मुलाखत. इतकं बारीक काम ज्या भाषेने केलं तिला नुसतं एका रेघेपलीकडे उभं करायचं हे बरोबर नाही.

तुर्की लोकांनी तर अजून पुढची मजल मारली. अरबीतला महब्बा म्हणजे प्रेम, त्याचं तुर्कीत मुहाब्बेत झालं आणि प्रेमासोबत जिव्हाळ्याच्या गप्पांना पण तेच नाव मिळालं. फारसीत मात्र मोहब्बत म्हणजे माया, आपुलकीच राहिली. 'अहबाब' हे अरबीत अनेकवचन, प्रियजन, तुर्कीत 'आहबाप' म्हणजे एकच दोस्त, आपण 'अमीर'चं अनेकवचन असलेल्या 'उमराव'चं केलं अगदी तसंच. 1932 मधे तुर्कस्तानात भाषा संस्था निघाली, अरबी-फारसी शब्द हटवायची मोठी मोहीम झाली, गप्पांसाठी 'सोयलेशी' हा नवा शब्द आला, तो चालतोही, पण सोहबेत काही गेला नाही. गावागावात हिवाळ्यात पुरुष मंडळी जमून गाणं, जेवण, गावचे प्रश्न असं रात्र रात्र चालवतात त्या बैठकांना सोहबेतच म्हणतात आणि 2010 मधे युनेस्कोने त्यांना वारसा यादीत घेतलं. आपल्याकडेही शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी झाली, आणि तरी सोबत प्रत्येक मराठी घरात आहे.

माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश 1925 मधे काढला, तेव्हा मराठी माणसाला हे सगळं परकं आहे असं नाही. माझी विनंती एवढीच की फारसी शिकवणारी माणसं अजून आहेत, कुणाला तुर्की पण येत असेल, त्यांच्याकडून हे लिहून घ्या, आणि शब्द कुठून निघाला एवढंच न छापता वाटेत कुठे थांबला आणि तिथे त्याचा अर्थ काय झाला ते पण छापा. सुरुवात 'मुसाफिर'पासून करता येईल, अरबीत, फारसीत आणि आपल्याकडे तो प्रवासी, तुर्कीत मात्र 'मिसाफिर' म्हणजे घरी आलेला पाहुणा.

कळावे,
आपली एक वाचक, पुणे