औषधपेटी तळमजल्यावरून वर हलवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, सांगली

विषय : पावसाळ्याआधी सोसायटीची औषधपेटी दुसऱ्या मजल्यावर हलवून नव्याने भरण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मेंटेनन्सची पावती घ्यायला ऑफिसात गेले होते. आपली औषधपेटी तळमजल्यावरच्या त्याच लोखंडी कपाटात दिसली. २०१९ च्या ऑगस्टमध्येही ती तिथेच होती. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, आपला तळमजला बुडाला आणि त्यासोबत पेटीही. पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या पोटरीत पाण्याखालचा पत्रा घुसला, तेव्हा मी जखम उकळून गार केलेल्या पाण्याने आणि साबणाने धुतली, धुतलेल्या चादरीच्या पट्ट्या फाडून बांधली. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांना दुसऱ्या दिवशी बोट आल्यावर मिळालं. ३१ वर्षं मी परिचारिका होते, आणि त्या दिवशी माझ्या हाताशी साधा गॉजसुद्धा नव्हता. हे मला आजही टोचतं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं. म्हणून विनंती अशी की, पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यालगतच्या कपाटात ठेवावी. तिला कुलूप नको. रात्री दोन वाजता चावी कुणाकडे आहे हे शोधत बसायला वेळ नसतो.

पेटीत आज खोकल्याची औषधं आणि मुदत संपलेल्या गोळ्या आहेत, ते सगळं काढून टाकू. पुरात लागतं ते वेगळंच. निर्जंतुक गॉज, कापूस, रुंद क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बीटाडीन, हातमोजे, कात्री, थर्मामीटर, हात-पाय मोडल्यास आधाराला बांधायला दोन फळ्या आणि ओआरएसची भरपूर पाकिटं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, अर्धं पाकीट पेल्यात विरघळवून पाजायचं नाही, हे पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून लावू. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात. गेल्या वर्षीची ब्लीचिंग पावडर मात्र ठेवू नये, उघडी राहिली की तिचा जोर जातो. पाणी ओसरल्यावर जमिनीखालची टाकी गाळ काढून, धुऊन, ताज्या पावडरीनेच शुद्ध करावी लागेल.

अँटिबायोटिक मात्र सामाईक पेटीत ठेवू नये. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते असंच देऊन चालत नाही. त्यापेक्षा बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने निदान पंधरा दिवसांचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी तयार ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. पुरात वीज गेली तेव्हा एका ताईंनी बर्फ संपल्यावर घाबरून बाटल्या फेकून दिल्या होत्या. खरं तर वापरातली बाटली उकाड्यापासून जपली तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते. मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्याच्या गारव्यात ठेवायची, पाण्यात बुडवायची नाही आणि बर्फाला चिकटवायची तर मुळीच नाही.

पूर आला की साप वर चढतात. चावल्यावर दोरी आवळू नये, ब्लेड लावू नये. माणसाला शांत ठेवून चावलेला अवयव हलू न देता दवाखान्यात न्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथेच मिळतं.

आणखी एक. आपल्या जिन्याच्या वळणावर लोखंडी स्ट्रेचर वळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं, तेव्हा मुलांचे हात थरथरत होते. कडेला धरायला पट्टे असलेलं कापडी स्ट्रेचर घ्यावं. आधाराशिवाय चालता न येणारे, डायलिसिसवाले, दिवस भरत आलेल्या बायका यांची यादी मजल्यानुसार करून प्रत्येकाला एकेक तरुण शेजारी नेमून द्यावा.

पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेल्याचं कळलं की त्याच दिवशी पेटी तपासायची, ४० च्या इशाऱ्याची वाट पाहायची नाही, असा ठराव व्हावा. सामान आणायला, दर तीन महिन्यांनी मुदती पाहायला आणि जखम कशी बांधायची हे मुलामुलींना शिकवायला मी तयार आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी ऑफिसात येऊन जुनी पेटी रिकामी करते. समितीतलं कुणी सोबत आलं तर खरेदीची यादी तिथेच पक्की करता येईल.

आपली विश्वासू,
दुसऱ्या मजल्यावरील रहिवासी
(निवृत्त परिचारिका)