गिरगावातल्या बिल्लेवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

आम्ही पहिल्यांदा तुमच्या दारात आलो, तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं होतंत, "रोबोटच्या स्पर्धेला बिल्ले कशाला गं? रोबोटला लावणार?" मी म्हणाले, "सगळ्या टीम आणतात, म्हणून." तुम्ही मान हलवलीत आणि कामाला लागलात. स्पर्धा होऊन आता तीन आठवडे झाले. त्या प्रश्नाचं नीट उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलंय. हे पत्र मी मुद्दाम उघड लिहितेय, कारण मुंबईत आमच्यासारख्या शाळकरी टीम बऱ्याच आहेत आणि तुम्ही आम्हाला काय दिलंत ते त्यांनाही कळावं. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती तुम्हाला वाचून दाखवेल.

त्या दिवशी आम्ही लॅमिंग्टन रोडला वायर, कनेक्टर आणि हीट श्रिंक (गरम केलं की वायरवर आवळून बसणारी नळी) घ्यायला आलो होतो. पिशवीत आधी करून घेतलेले पन्नास बिल्ले होते, सगळे फुकट गेलेले. टीमचा नंबर मी अगदी कडेला टाकला होता. तो दुमडून मागे गेला आणि पाच आकड्यांतले तीनच दिसत होते. छापणाऱ्याने दिलं तसं छापलं, चूक माझी होती. आमच्या गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांचे बिल्ले तुमच्याकडून येतात, म्हणून बाबांनी तुमचा पत्ता दिला होता. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, फाइल दुरुस्त करून आण. तुम्ही पकड घेतलीत, त्यातला एक बिल्ला उचकटलात आणि त्याचे चार तुकडे टेबलावर ओळीने मांडलेत. पत्र्याची टोपी, कागद, पारदर्शक फिल्म, पिनेची मागची चकती. मग कागदावरच्या वळ्या माझ्या बोटाने मला चाचपायला लावल्यात. "अठ्ठावन्न मिलिमीटरच्या बिल्ल्याला कागद सत्तरचा लागतो. चहूबाजूंनी सहा-सहा मिलिमीटर आत वळतो. तिथे रंग जाऊ दे, अक्षर नको. अक्षरं पन्नासच्या आत ठेव."

एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन मी पुन्हा काढलं. वडापावचं चित्र, पण पावात वड्याच्या जागी दातेरी गिअर, खाली टीमचा नंबर, आणि वर मराठीत 'वायर तपासली का?' आमच्याकडे रोबोट बंद पडला की सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो.

आता तुमच्या खोलीत आम्ही बिल्ले करायला बसलो त्या रविवारबद्दल. तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं, पण आदल्या दिवशी आमच्या टीममध्ये मोठं भांडण झालं होतं. सरावात रोबोटचा हात अर्ध्यात अडकला. प्रोग्रॅम करणारे म्हणाले जोडणी ढिली आहे, जोडणी करणारे म्हणाले प्रोग्रॅम चुकीचा आहे. दोन जण तर एकमेकांशी बोलेनासे झाले. नेमके ते दोघेच तुम्ही शेजारी बसवलेत. एक गोल कागद कापत होता, दुसरा टोपीवर कागद आणि त्यावर फिल्म ठेवत होता. फिल्म एकमेकींना चिकटतात आणि चुकून दोन गेल्या की बिल्ला बंद होत नाही, साच्यातच अडकतो, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. तरी तो अडकला. तुम्ही रागावला नाहीत. साचा उलटा करून, पेचकसाने हलकेच ढोसून तुकडे काढलेत आणि म्हणालात, "बोलू नका, मोजा. दहा झाले की मोठ्याने सांगा." कापणाऱ्याने दहा मोजले. ठेवणाऱ्याने दहा मोजले. चाळिसाव्या बिल्ल्याला त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "अरे, तुझी फिल्म वाकडी जातेय, फुंकर मारून सुटी कर." दोन दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. ते ऐकलं तेव्हा मशीनची दांडी माझ्या हातात होती. मी ती दाबायची विसरले होते.

दांडीचे ते दोन आवाज अजून कानात आहेत. पहिल्या दाबात टोपी, कागद आणि फिल्म वरच्या साच्यात जाऊन बसतात, तेव्हा नुसता टक्. मग साचा फिरवायचा, खाली पिनेची चकती ठेवायची आणि दुसऱ्यांदा दाबायचं, की कडा आत वळताना करकर होते. चकती आडवी बसली नाही तर बिल्ला छातीवर तिरका लटकतो, म्हणून तुम्ही साच्यावर पेन्सिलीने खूण केली होतीत. ती खूण मी आमच्या वहीत काढून घेतलीय. इंकजेटचा रंग ओल लागली की पसरतो, लेझरवर छापा, हेही त्याच पानावर आहे. तीनशे बिल्ले झाले आणि तुम्ही फक्त मालाचे पैसे घेतलेत.

तुमचं मशीन वडिलांच्या वेळचं आहे असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून मी शोधलं. फिल्म, कागद आणि पत्रा एकत्र वळवून केलेल्या अशा बिल्ल्यांचं पेटंट अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ साली काढलं होतं. तेव्हा आताच्या फिल्मच्या जागी सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लास्टिक असायचं. त्याच वर्षी तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅकिन्लीच्या प्रचाराला असे बिल्ले वाटले गेले. म्हणजे तुम्ही निवडणुकीच्या हंगामात जे करता, तेच.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमची स्पर्धा फर्स्ट टेक चॅलेंज, 'फर्स्ट' या अमेरिकन संस्थेची. बारा फूट बाय बारा फुटांचं मैदान, सुरुवातीला अठरा इंची चौकोनी खोक्यात मावेल एवढा रोबोट. पहिले ३० सेकंद तो आपला आपण चालतो, पुढची २ मिनिटं आम्ही चालवतो. दोन टीम एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. पण प्राथमिक फेऱ्यांत जोडीदार दर सामन्याला बदलतो. सकाळी जो आपल्या बाजूने खेळला, तो दुपारी समोर उभा असतो. शेवटच्या फेऱ्यांसाठी आघाडीवरच्या टीम आपले जोडीदार स्वतः निवडतात. त्यामुळे दोन दिवसांत सगळ्यांशी ओळख करावी लागते, आणि अनोळखी मुलांच्या टेबलापाशी जाऊन पहिला शब्द काढणं मला फार जड जातं. हातात बिल्ला असला की तो पुढे करता येतो. ते त्यांचा देतात. मग विचारतात, यावर काय लिहिलंय? वड्याच्या जागी गिअर का? आपोआप बोलणं सुरू होतं. फर्स्टच्या स्पर्धांची सुरुवात १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमनी झाली. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिथे 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' हा शब्द रुजवला. म्हणजे जीव तोडून खेळायचं, आणि समोरचा अडला तर त्यालाही हात द्यायचा.

पुण्याला स्पर्धेत आम्ही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रोबोटच्या हाताचा सर्वो, म्हणजे हात हलवणारी छोटी मोटर, जळला. जादा आणलेला एकमेव सर्वो आदल्या दिवशीच वापरला होता. पुढचा सामना वीस मिनिटांवर. आम्ही टेबलं पालथी घालत असताना दक्षिणेकडच्या एका टीमची मुलगी समोर आली. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर आपला वडापाव होता. मोडक्या हिंदीत म्हणाली, "वायर तपासली का वाले, तुम लोग? क्या चाहिए?" तिने त्यांचा सर्वो दिला आणि बसवताना रोबोटही धरून ठेवला. पुढचा सामना आमचा त्यांच्याविरुद्धच होता. तो आम्ही हरलो. सामना संपल्यावर सर्वो परत करायला गेलो, तर म्हणाली, असू दे, संध्याकाळपर्यंत लागेल.

त्या संध्याकाळी आम्हाला ट्रॉफी मिळाली नाही. पण परतीच्या गाडीत ते दोघे, तुम्ही शेजारी बसवलेले, स्पर्धेत मिळालेले सगळे बिल्ले मांडीवर पसरून मोजत बसले. दहा झाले की मोठ्याने सांगत होते.

काका, आमची टीम त्या खोलीत जुळली. तुम्ही रविवारचा दिवस घालवलात, चहा पाजलात, आमच्या चुकांवर एकदाही आवाज चढवला नाहीत. आईला मी सांगितलं, तर ती म्हणाली, पेढे घेऊन जा. पेढे आणतेच आहे.

सोबत एक डबाही आणते. त्यात तेवीस टीमचे बिल्ले आहेत, आमच्याकडे जोडी असलेले सगळे तुमच्यासाठी काढून ठेवलेत. एकाला मागे पिनेच्या जागी लोहचुंबक आहे आणि त्याची कड कुठेच वळलेली दिसत नाही. तो मी उचकटला नाही. पुढच्या रविवारी दहाला येतो. पकड तुम्हीच लावा.

तुमची,
दांडीवर बसवलेली मुलगी
आणि आमची सगळी टीम